रविवारचा २०७ धावांनी पराभव: स्कोअरबुक काय सांगते?

गुणलेखक

रविवारच्या चाळीस षटकांच्या सामन्यात आपला संघ २०७ धावांनी हरला. प्रतिस्पर्ध्यांनी ५ बाद २६८ धावा केल्या आणि आपला डाव २१.४ षटकांत ६१ धावांवर आटोपला. तेव्हापासून संघात जी चर्चा चालली आहे, ती दोनच गोष्टींभोवती फिरते: एक म्हणजे फलंदाजीने नांगी टाकली, आणि दुसरी म्हणजे पहिलाच सामना खेळणाऱ्या मुलाने झेल सोडला व नंतर तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला. दोन्ही डावांतला प्रत्येक चेंडू मी लिहिला आहे. त्या नोंदी सलग वाचल्यावर पहिले कारण मला अपुरे वाटते आणि दुसरे अन्यायाचे. म्हणून हा धागा.

आधी त्यांचा डाव पाहू. पंधरा षटकांअखेर ते २ बाद ५२ होते. सकाळच्या दमट हवेत चेंडू हलत होता, आपले दोन्ही सलामीचे गोलंदाज टप्पा धरून होते आणि तोपर्यंत सामना आपल्या हातातून गेला होता असे कोणीही म्हणू शकत नाही. पुढच्या पंधरा षटकांत एका बळीच्या मोबदल्यात ११२ धावा गेल्या आणि शेवटच्या दहांत १०४. शेवटच्या दहा षटकांतील मार सर्वांच्या लक्षात राहिला, कारण षटकार तेव्हा बसले. परंतु हातात सात बळी शिल्लक ठेवून कोणताही बरा संघ शेवटच्या दहा षटकांत फटकेबाजी करतोच. ते बळी शिल्लक राहिले ते सोळाव्या ते तिसाव्या षटकांमध्ये, आणि खरे नुकसान तिथे झाले.

या पंधरा षटकांत तीन संधी गेल्या. त्यांच्या चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाचा झेल सतराव्या षटकात, तो ११ धावांवर असताना, डीप मिडविकेटला सुटला. बाविसाव्या षटकात तोच फलंदाज ३४ वर असताना कव्हरला दुसरा झेल सुटला. सव्विसाव्या षटकात पाचव्या क्रमांकाच्या फलंदाजाला यष्टिचीत करण्याची संधी हुकली. चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाने अखेर ११८ धावा केल्या. त्या झेलाची किंमत १०७ धावा होती, असे सरळ गणित मी मांडणार नाही, कारण तो बाद झाला असता तर दुसरा कोणी तरी खेळायला आलाच असता आणि त्यानेही काही धावा केल्या असत्या. मात्र खेळपट्टीवर जम बसलेला फलंदाज आणि नुकताच आलेला फलंदाज यांत फार अंतर असते, आणि आपण त्या पंधरा षटकांत एकदाही नव्या फलंदाजावर दबाव टाकू शकलो नाही.

यात पहिला झेल त्या नव्या मुलाचा होता. दुसरा झेल आणि यष्टिचीतची संधी अनेक वर्षे खेळणाऱ्या सदस्यांकडून हुकली, पण त्यांचा उल्लेख कुठेही होत नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, फिरकी सुरू झाल्यावर उंच फटका जिथे हमखास जातो, आणि त्या वेळी ऊन थेट डोळ्यांवर येत होते, त्या जागी संघातला सर्वांत नवा खेळाडू का उभा होता? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडे स्लिप, पॉइंट, मिडऑन या जागा वर्षानुवर्षे ठरलेल्या माणसांच्या झाल्या आहेत. नवीन येणारा सीमारेषेवर जातो, कारण ती जागा कोणाला नको असते.

आता आपली फलंदाजी. दहा षटकांत ३ बाद २४ झाल्यावर उरलेल्या तीस षटकांत २४५ धावा हव्या होत्या, म्हणजे षटकामागे आठांहून अधिक. त्या क्षणी विजय शक्यतेच्या बाहेर गेला होता, तरी आपले पुढचे चार फलंदाज त्याच धावगतीकडे पाहत खेळले. आपण १८.२ षटके न खेळता परतलो. निव्वळ धावगती काढताना सर्वबाद झालेल्या संघाची पूर्ण षटके धरली जातात, त्यामुळे ६१ धावांना २१.४ ने नव्हे, चाळीसने भागले जाते. आपली धावगती १.५२५, त्यांची ६.७, फरक उणे ५.१७५. षटकामागे तीन धावा काढत चाळीस षटके उभे राहिलो असतो, तरी सामना हरलोच असतो, पण हा फरक उणे ३.७ वर थांबला असता. साखळीच्या शेवटी दोन संघांचे गुण समान झाले, तर हेच आकडे पाहिले जातात.

डावखुरा सलामीवीर

नोंदी काळजीपूर्वक मांडल्याबद्दल आभार. झेलांविषयी आपण लिहिले आहे ते पटते, परंतु फलंदाजीविषयीच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

मी त्या डावात बराच वेळ एका टोकाला उभा होतो. तिथून जे दिसत होते ते वहीत दिसणार नाही. त्यांचा कर्णधार पहिल्या षटकापासून दोन स्लिप आणि एक गली लावून बसला होता व चौथा बळी पडल्यावर त्याने त्यात आणखी दोन क्षेत्ररक्षक घातले. बॅटभोवती पाच माणसे असताना केवळ चेंडू अडवत राहणारा फलंदाज फार काळ टिकत नाही. दोन चौकार बसले की क्षेत्ररक्षक मागे जातात, एकेरी धावा मिळू लागतात आणि मग टिकून राहणेही सोपे होते. पाचव्या क्रमांकाच्या आपल्या फलंदाजाने मिडऑफच्या डोक्यावरून फटका मारण्याचा प्रयत्न केला तो याच विचाराने, धावफलकाकडे पाहून नव्हे. फटका चुकला, विचार चुकीचा नव्हता.

शिवाय आठवडाभर कामधंदा करून सुटीच्या दिवशी आपण खेळायला येतो ते जिंकण्यासाठी. विजय अशक्य झाल्यावर अठरा षटके चेंडू अडवत राहायचे, हे वीस-बावीस वर्षांच्या मुलांना मी कोणत्या तोंडाने सांगू?

सीमारेषेवरून

सात बाद ४४ अशी अवस्था झाल्यावर सामना सोडून द्यायला हवा होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. शेवटच्या तीन फलंदाजांना नुसते अपमान सोसायला पाठवण्यात काय साधले?

माजी यष्टिरक्षक

ठरलेल्या जागांविषयी गुणलेखकांनी जे लिहिले आहे, ते या धाग्यातले सर्वांत मोलाचे वाक्य आहे आणि त्यावर मला सविस्तर लिहायचे आहे. यष्ट्यांमागे उभ्या असलेल्या माणसाला संपूर्ण मैदान समोर दिसते, आणि मी खेळत होतो तेव्हाही हेच पाहत आलो.

हौशी संघांत क्षेत्ररक्षणाच्या जागा चेंडू कुठे जाईल यावरून ठरत नाहीत, मानावरून ठरतात. ज्येष्ठ खेळाडूला धावायला नको म्हणून तो मिडऑनला उभा राहतो. ज्याचा खांदा दुखतो तो स्लिपमध्ये जातो, जणू स्लिप ही विश्रांतीची जागा आहे. वास्तविक स्लिपमध्ये बॅटची कड घेतलेला चेंडू येण्यास अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि तेवढ्यात गुडघे वाकलेले, वजन पायांच्या चवड्यांवर आणि नजर योग्य जागी नसेल तर हात हलण्यापूर्वी चेंडू निघून जातो. पहिल्या स्लिपने चेंडूवर नजर ठेवावी आणि बाकीच्यांनी बॅटच्या कडेवर, हा जुना नियम आजही उपयोगी आहे. आपल्या संघात तो कोणी कोणाला सांगितल्याचे मी ऐकलेले नाही.

उंच झेलांचे शास्त्र वेगळे आहे. डीपमध्ये उभ्या माणसाची पहिली चूक बहुधा हातांची नसून पायांची असते. चेंडू वर गेला की तो दोन पावले पुढे धावतो, मग चेंडू आपल्या मागे पडणार हे कळते आणि तो उलट्या पावली मागे सरू लागतो. तशा अवस्थेत डोके हलते, त्यामुळे चेंडूही हलताना दिसतो. पहिला क्षण जागेवर थांबून चेंडूचा अंदाज घ्यायचा, मग वळून पूर्ण वेगाने त्या जागी पोहोचायचे आणि झेल घेताना शक्य तितके स्थिर असायचे, हे सरावानेच येते. ऊन डोळ्यांवर असेल तर एक हात वर करून सूर्य झाकायचा आणि त्या हाताच्या कडेने चेंडू पाहायचा, हेही शिकवावे लागते. त्या मुलाला यातले काहीही कोणी शिकवलेले नव्हते. त्याच्या हातून झेल सुटला हे खरे. तथापि त्याला तिथे विनातयारी उभे करणाऱ्या पद्धतीविषयी बोलण्याऐवजी आपण त्याच्याविषयी बोलत आहोत, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्या सरावाकडे पाहा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेटमध्ये फलंदाजी चालते. ज्याची पाळी झाली तो पॅड काढतो आणि घरी जातो. झेलांचा सराव शेवटी उरलेल्या चार-पाच जणांत, अंधार पडत असताना होतो. हा क्रम उलटा करा: सर्वजण हजर असताना आधी झेल, मग नेट.

मध्यमगती

गोलंदाजांच्या बाजूने काही लिहिणे आवश्यक आहे. सलामीच्या दोघांनी पहिल्या चौदा षटकांत प्रत्येकी सात षटके टाकली आणि आठ षटकांच्या मर्यादेमुळे त्यांचे एकेकच षटक शिल्लक राहिले. त्यांची तीन-तीन षटके शेवटासाठी राखायला हवी होती, असे काहीजण म्हणत आहेत. मला तो आक्षेप मान्य नाही. चेंडू नवा आहे, हवेत हलतो आहे, समोर नवे फलंदाज आहेत, अशा वेळी उत्तम गोलंदाज बाजूला ठेवून शेवटच्या मारासाठी राखणे म्हणजे बळी मिळण्याची सर्वांत चांगली वेळ वाया घालवणे. कर्णधाराचा निर्णय योग्य होता.

अडचण आपल्याकडे पाचवा गोलंदाज नसण्याची आहे. आठ षटकांच्या मर्यादेत चाळीस षटकांसाठी किमान पाच गोलंदाज लागतात. आपले तीन नियमित आहेत. चौथा-पाचवा म्हणून जे येतात ते मूळचे फलंदाज असून त्यांना आठवड्यात एकदाही सलग सहा चेंडू कोणी टाकायला लावत नाही. गुणलेखकांनी एक आकडा दिलेला नाही, तो मी त्यांच्या वहीतूनच पाहिला आहे: आपण २२ वाइड टाकले, त्यांपैकी १४ त्या मधल्या पंधरा षटकांत. वाइडची एक धाव तर जातेच, शिवाय चेंडू पुन्हा टाकावा लागतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना आपण २२ चेंडू अधिक दिले, जवळजवळ चार षटके. थकलेल्या क्षेत्ररक्षकांना ती चार षटके उन्हात उभे राहावे लागले, हेही लक्षात घ्या.

नेटमध्ये चांगल्या टप्प्यावर एक रुमाल टाकावा आणि चौथ्या-पाचव्या गोलंदाजाने फलंदाजाशिवाय त्यावर सलग तीन-चार षटके टाकावीत. एवढे दोन महिने केले, तरी वाइड निम्म्यावर येतील असा माझा अनुभव आहे. मात्र संघातल्या सोळा वर्षांच्या मुलाला वेगवान गोलंदाज म्हणून घाईने या रिकाम्या जागी बसवू नका. वाढीच्या वयात अतिगोलंदाजीमुळे कमरेच्या मणक्यांना ताणाचे तडे जातात आणि त्यातून एखाद्याचा खेळ कायमचा सुटू शकतो.

तटस्थ पंच

मी या संघाचा सदस्य नाही, पण अशा सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे दोन मुद्द्यांवर लिहितो.

पहिला मुद्दा त्या मुलाच्या बाद होण्याविषयी. तेराव्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर पाचवा फलंदाज झेलबाद झाला. झेल घेतला जाण्यापूर्वी दोन्ही फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले होते, असे मला सांगण्यात आले. पूर्वीच्या नियमानुसार अशा वेळी जम बसलेला सलामीवीर पुढचा चेंडू खेळला असता आणि नव्या फलंदाजाला दुसऱ्या टोकाला उभे राहून दोन-चार चेंडू पाहता आले असते. १ ऑक्टोबर २०२२ पासून हा नियम बदलला आहे. आता फलंदाज झेलबाद झाला की, षटक संपलेले नसेल तर, नवा फलंदाजच पुढचा चेंडू खेळतो, मग आधीच्यांनी एकमेकांना ओलांडलेले असो वा नसो. ४१ धावसंख्येवर लागोपाठ दोन बळी गेले त्यात या नियमाचाही वाटा आहे. आयुष्यातल्या पहिल्या सामन्यात, बॅटभोवती पाच क्षेत्ररक्षक असताना, जम बसलेल्या गोलंदाजाचा आत येणारा चेंडू पहिलाच वाट्याला आला आणि तो पायचीत झाला. कर्णधारांनी या नियमाचा विचार करून त्या जागी थोडा अनुभवी फलंदाज पाठवण्याची तयारी ठेवावी.

दुसरा मुद्दा सामना सोडून देण्याचा. नियमांत पराभव मान्य करण्याची तरतूद आहे, पण ते करताना समोरच्याचाही विचार करावा लागतो. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा रणजी सामना चालू होता. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते आणि प्रथम श्रेणीतला ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा विक्रम केवळ नऊ धावा दूर होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या असताना काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना तिथेच संपला. त्या घटनेला पंचाहत्तरहून अधिक वर्षे झाली, तरी क्रिकेट जाणणारे लोक काठियावाडचा पराभव किती मोठा होता हे सांगत नाहीत. त्यांनी मैदान सोडले हे सांगतात. तुमच्या शेवटच्या तीन फलंदाजांनी १७ धावा जोडल्या. त्यांना पाठवणे योग्यच होते.

गुणलेखक

पंचांचे आणि यष्टिरक्षकांचे मनापासून आभार. नियमाचा तो मुद्दा मी नोंदीत लिहिला होता, पण त्याचा अर्थ इतका स्पष्ट माझ्या लक्षात आला नव्हता.

सलामीवीरांना उत्तर. जवळचे क्षेत्ररक्षक मागे ढकलण्यासाठी फटका मारावा लागतो, हे आपले म्हणणे मी स्वीकारतो. तरी त्या फटक्याची निवड पाहा. मिडऑफला माणूस उभा होता आणि मिडविकेटपासून फाइनलेगपर्यंतचा पूर्ण भाग मोकळा होता. त्यांचे पाच क्षेत्ररक्षक बॅटजवळ असल्याने गोलंदाज आणि यष्टिरक्षक हे दोघे सोडून मैदानात केवळ चारजण उरले होते, म्हणजे चेंडू जमिनीवरून कुठेही ढकलला तरी एक धाव मिळत होती. आपण स्वतः काढलेल्या २४ धावांपैकी बहुतेक अशाच आल्या आहेत. मी चेंडू अडवत राहा असे म्हणत नाही. आपण एका टोकाला जसे खेळलात तसे दुसऱ्या टोकाला कोणी तरी खेळायला हवे होते.

तरुणांना काय सांगायचे, हा आपला प्रश्न खरा आहे. माझे उत्तर असे की, हरलेल्या सामन्यातली अठरा षटके हाच त्यांना मिळू शकणारा सर्वोत्तम सराव असतो. चांगली गोलंदाजी, खरे क्षेत्ररक्षण, खरी खेळपट्टी: नेटमध्ये यातले काहीच मिळत नाही.

इतिहासाचा वाचक

गोलंदाजांच्या मुद्द्याला जोडून एक उदाहरण देतो, कारण पुढच्या रविवारसाठी 'दोन जादा फलंदाज घ्या' असा आग्रह सुरू झाल्याचे ऐकले.

१९ डिसेंबर २०२० रोजी अॅडलेडला भारताचा दुसरा डाव ३६ धावांत संपला. एकाही फलंदाजाने दुहेरी धावसंख्या गाठली नाही. ऑस्ट्रेलियाच्या हेझलवूडने अवघ्या आठ धावांत पाच बळी घेतले. त्याच डावात शमी जखमी झाला आणि त्यानंतर कोहली मायदेशी परतला. इतक्या मोठ्या पडझडीनंतर कोहलीच्या जागी कोणी तरी फलंदाजच येणार असे वाटणे स्वाभाविक होते, परंतु संघात आला रवींद्र जडेजा, म्हणजे पाचवा गोलंदाज. आठवड्याभरात सुरू झालेल्या मेलबर्न कसोटीत रहाणेने ११२ आणि जडेजाने ५७ धावा केल्या, ऑस्ट्रेलियाला दोन डावांत १९५ आणि २०० धावांवर रोखले गेले आणि भारताने सामना आठ गडी राखून जिंकला. पुढे मालिकाही २-१ अशी जिंकली. फलंदाजी कोसळल्यावर संघ फलंदाजांनी भरायचा नाही, समोरच्याच्या धावा कमी करायच्या, असा तो विचार होता. आपल्यासमोर २६८ ऐवजी १८० धावांचे लक्ष्य असते, तर आपले फलंदाज असे खेळले नसते.

आणि ६१ धावांची लाज वाटणाऱ्यांसाठी: न्यूझीलंडचा संघ मार्च १९५५ मध्ये ऑकलंडला २६ धावांत बाद झाला, ती कसोटीतली आजवरची नीचांकी धावसंख्या आहे. १९३० पासून कसोटी खेळणाऱ्या त्या देशाने आपला पहिला कसोटी विजय मार्च १९५६ मध्ये, वर्ष पूर्ण होण्याच्या आत, त्याच मैदानावर मिळवला.

सीमारेषेवरून

सामना सोडण्याविषयीचे माझे मत मी मागे घेतो. काठियावाडची हकीकत मला माहीत नव्हती.

संघाचा कर्णधार

सर्व प्रतिसाद वाचले. पुढच्या रविवारसाठी ठरवलेल्या गोष्टी येथे लिहितो, म्हणजे कोणालाही त्या ऐनवेळी कळणार नाहीत.

सराव झेलांनी सुरू होईल आणि त्यात सहभागी झाल्याशिवाय कोणालाही नेटमध्ये फलंदाजी मिळणार नाही. यात ज्येष्ठही आले. क्षेत्ररक्षणाच्या जागा प्रत्येक गोलंदाजाबरोबर बदलतील. फिरकी सुरू असताना डीप मिडविकेटला आपल्यातला सर्वांत खात्रीचा झेल घेणारा उभा राहील, मग तो कितीही जुना असो. जादा फलंदाज घेतला जाणार नाही. चौथ्या आणि पाचव्या गोलंदाजांची निवड रुमालावरच्या सरावातून होईल. तीन बळी लवकर गेले, तर पंचविसाव्या षटकापर्यंत जमिनीवरूनच खेळायचे, हे आधीच सर्वांना मान्य असावे.

तो मुलगा पुढच्या सामन्यात खेळणार आहे. त्याच्याशी मी आणि यष्टिरक्षक दोघेही बोललो आहोत. तो सातव्याऐवजी सहाव्या क्रमांकावर येईल, म्हणजे त्याला अधिक चेंडू खेळायला मिळण्याची शक्यता वाढेल. संघाच्या गटात त्याच्याविषयी जे लिहिले गेले ते ज्यांनी लिहिले त्यांनी काढून टाकावे, ही माझी विनंती आहे.

गुणलेखकांना एक विचारायचे आहे: सुटलेले झेल वहीत नियमित लिहिता येतील का, आणि तेही नावांशिवाय?

गुणलेखक

येतील. छापील स्कोअरबुकात त्यासाठी रकाना नसतो, पण शेऱ्यांची जागा असते. षटक, क्षेत्ररक्षणाची जागा, त्या वेळची फलंदाजाची धावसंख्या आणि गोलंदाजीचा प्रकार, एवढे मी लिहीन. नावाची गरज नाही, कारण आपल्याला शोधायचे आहे ते कोणत्या जागी आणि कोणत्या षटकांत झेल सुटतात हे. चार-पाच सामन्यांच्या नोंदी जमल्या की त्या याच धाग्यावर देतो.